‘नऊ एकदा छापायचा की दोनदा?’ असे विचारणाऱ्या विद्यार्थिनीचे गुण का कापले?

संपादक महोदय यांस,
सप्रेम नमस्कार.

गेली १९ वर्षे मी सातारा जिल्ह्यात संगणक अभियांत्रिकीच्या पदविका वर्गांना प्रोग्रॅमिंग शिकवत आहे. नुकत्याच पार पडलेल्या प्रात्यक्षिक परीक्षेत एक प्रसंग घडला. तो एका विद्यार्थिनीच्या चार गुणांपुरता असता तर मी आपल्या दैनिकातील जागा मागितली नसती. परंतु त्यात आपल्याकडे प्रोग्रॅमिंग ज्या पद्धतीने शिकवले आणि तपासले जाते तिचा दोष उघड दिसला, म्हणून हे पत्र.

प्रश्न नेहमीचा होता. तीन ॲरे (म्हणजे आकड्यांच्या याद्या) दिले असता त्यांतील सामाईक घटक शोधून छापणारा प्रोग्रॅम लिहा, असे त्यात म्हटले होते. पहिल्या ॲरेत ४, ९, ९, १५, २३, ४२ असे आकडे होते; दुसऱ्यात ९, ९, १५, ३०, ४२; आणि तिसऱ्यात ३, ९, ९, ४२, ५०. दुसऱ्या वर्षाच्या त्या विद्यार्थिनीने प्रश्न वाचला, क्षणभर विचार केला आणि उभी राहून विचारले, “सर, नऊ एकदा छापायचा की दोनदा?” बाह्य परीक्षकांनी सांगितले की प्रश्नपत्रिकेविषयी काही विचारता येणार नाही. ती खाली बसली. प्रोग्रॅमच्या पहिल्याच ओळीत तिने टीप लिहिली की, घटक तिन्ही ॲरेंमध्ये किमान जितक्या वेळा आला आहे तितक्या वेळा तो सामाईक धरला आहे, आणि त्याप्रमाणे ९, ९, ४२ असे उत्तर काढले. जर्नलमधील, म्हणजे प्रात्यक्षिकांच्या वहीतील, नमुना उत्तर ९, ४२ एवढेच होते. दहापैकी चार गुण गेले. अंतर्गत परीक्षक म्हणून मी शेजारीच बसलो होतो. मी बोललो, पण संध्याकाळपर्यंत साठ विद्यार्थी संपवायचे असताना त्या गृहस्थांना नमुना उत्तराचाच आधार होता, आणि त्यांच्याबद्दल माझी व्यक्तिशः तक्रार नाही.

तक्रार आहे ती अशी की, त्या मुलीचा प्रश्न हा त्या दिवशी प्रयोगशाळेत विचारला गेलेला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होता. आपल्या मुलांना नववीच्या गणिताच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात संच शिकवला जातो. तिथे छेद संच, म्हणजे सामाईक घटकांचा संच, येतो, व्हेन आकृती येते, आणि संचाच्या यादीत एखादा घटक पुन्हा लिहायचा नाही हेही सांगितले जाते. त्या हिशेबाने ९ एकदाच. पण ॲरे म्हणजे संच नव्हे. ॲरेला क्रम असतो, त्यात तोच घटक पुनःपुन्हा येऊ शकतो, आणि त्या पुनरावृत्तीला अनेकदा अर्थ असतो. दोन दुकानांच्या बिलांत तीच वस्तू दोन-दोनदा असेल, तर जुळणाऱ्या नोंदी दोन आहेत. तिथे ‘एकदाच’ म्हणणारा हिशेब चुकीचा ठरेल. म्हणून दोन्ही उत्तरे बरोबर असू शकतात, आणि कोणते हवे हे प्रश्न काढणाऱ्याने सांगितले पाहिजे.

हा माझा किंवा तिचा शब्दच्छल नाही. ज्यांनी प्रोग्रॅमिंगच्या भाषा घडवल्या त्यांनाही हा भेद स्पष्टपणे करावा लागला आहे. पायथॉनमधील सेट वापरून छेद काढला तर घटक एकदाच मिळतो. सी प्लस प्लसच्या प्रमाणित संग्रहात छेद काढण्याचे जे तयार फंक्शन आहे, ते मात्र क्रमाने लावलेल्या दोन याद्यांत घटक जितक्या वेळा किमान आला असेल तितक्या वेळा देते, म्हणजे नेमके त्या मुलीने केले तेच. संगणकातील माहितीसाठ्यातून माहिती काढण्याच्या एसक्यूएल या भाषेत तर दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत: नुसते इंटरसेक्ट म्हटले की एकदा, आणि त्यापुढे ऑल जोडले की जितक्यास तितके. नोकरीच्या मुलाखतींसाठी आपली मुले ज्या लीटकोड या संकेतस्थळावर सराव करतात, तिथेही दोन ॲरेंच्या छेदाचे ३४९ आणि ३५० या क्रमांकांचे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. त्यांत फरक एवढाच की पहिल्यात घटक एकदा द्यायचा आणि दुसऱ्यात जितक्या वेळा जुळतो तितक्यांदा. मुलाखतीत ही शंका आपणहून विचारणारा उमेदवार समंजस मानला जातो. आमच्या परीक्षेत तीच शंका विचारल्याबद्दल मुलीला गप्प बसवले जाते.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी जर्नलमधील नमुना प्रोग्रॅम स्वतः चालवून पाहिला, आणि तेव्हा जे दिसले त्याने मला झोप लागली नाही. तो प्रोग्रॅम तिन्ही ॲरेंमधील आकड्यांची एकच मोजणी ठेवतो: कोणताही आकडा दिसला की त्याच्या नावापुढे एक वाढवायचा, आणि शेवटी ज्याची मोजणी तीन किंवा तीनहून अधिक झाली तो सामाईक म्हणून छापायचा. परीक्षेतील आकड्यांवर ९ ची मोजणी ६ होते, ४२ ची ३ होते, १५ ची २ होते, बाकीचे एकेकदाच येतात. त्यामुळे ९, ४२ हे उत्तर येते आणि सगळे ठीक वाटते. मी पहिल्या ॲरेत २३ हा आकडा एकाऐवजी तीनदा लिहिला. दुसऱ्या आणि तिसऱ्या ॲरेत २३ कुठेही नाही. तरीही प्रोग्रॅमने २३ सामाईक असल्याचे छापले. म्हणजे ज्या प्रोग्रॅमच्या आधारावर गुण दिले गेले तोच चुकीचा होता, केवळ दिलेल्या आकड्यांवर त्याचे उत्तर योगायोगाने जुळले होते. आणि जिचे गुण गेले तिचा प्रोग्रॅम मी कितीही वेगवेगळे आकडे घातले तरी तिने लिहिलेल्या टिपेला धरूनच चालला. हे जर्नल वर्षानुवर्षे एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडे उतरत आले आहे. मीही त्यावर सह्या केल्या आहेत, आणि तो दोष माझ्याकडेही येतो.

दुरुस्ती अवघड नाही, आणि ती समजावून सांगायला संगणकही लागत नाही. पहिली यादी वाचताना प्रत्येक आकड्यासमोर १ लिहावा. तो आकडा त्याच यादीत पुन्हा आला तरी १ चा २ करू नये. दुसरी यादी वाचताना ज्याच्यासमोर १ आहे त्याचाच २ करावा. ज्याच्यासमोर काहीच नाही त्याला हात लावू नये, आणि ज्याचा २ आधीच झाला आहे त्यालाही नाही. तिसऱ्या यादीत फक्त २ चा ३ करावा. शेवटी ज्याच्यासमोर ३ आहे तो सामाईक. याद्या तीनऐवजी तीस असल्या तरी हीच रीत चालते, आणि एकाच यादीत कितीही वेळा आलेला आकडा दुसऱ्या यादीची जागा अडवू शकत नाही. मी ही रीत आठवीतील माझ्या भाच्याला वहीच्या पानावर दाखवली, तेव्हा त्याला ती पाच मिनिटांत कळली.

आणखी एक चूक मी दरवर्षी पन्नासेक वह्यांत पाहतो. विद्यार्थी तीन लूप (तेच काम पुनःपुन्हा करायला लावणाऱ्या सूचना) एकात एक घालतात आणि सी भाषेत तिन्ही आकड्यांची एकाच ओळीत, दर दोन आकड्यांमध्ये == हे चिन्ह लावून, तुलना करतात. कागदावरच्या गणितात ते चालते, पायथॉनमध्येही चालते, पण सी मध्ये पहिल्या तुलनेचे उत्तर आधी १ किंवा ० असे निघते आणि मग त्या १ किंवा ० ची तिसऱ्या आकड्याशी तुलना होते. त्यामुळे ५, ५, ५ असे तीन आकडे असले तर सी म्हणते जुळत नाहीत, आणि ३, ४, ० असे असले तर म्हणते जुळतात. शिवाय ही चूक सुधारली तरी तीन लूपच्या या पद्धतीत परीक्षेतील ९ हा आकडा आठ वेळा छापला जातो, कारण प्रत्येक यादीतील दोन नवांची एकमेकांशी दोन गुणिले दोन गुणिले दोन अशा प्रकारे गाठ पडते. विद्यार्थी हे आठ वेळा छापलेले ९ पाहतात, घाबरतात, आणि काहीतरी अट घालून त्यांतले सात दडवून टाकतात. आठच का आले, हे विचारायला त्यांना कोणी शिकवलेले नसते.

त्या मुलीने कोणती रीत वापरली हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण ती मी वर्गात फळ्यासमोर तीन विद्यार्थ्यांना उभे करून शिकवतो. फळ्यावर तीन ओळींत तीन याद्या चढत्या क्रमाने लिहायच्या आणि प्रत्येकाने आपल्या यादीच्या पहिल्या आकड्यावर बोट ठेवायचे. परीक्षेतील याद्यांवर बोटे ४, ९ आणि ३ वर येतात. नियम एकच: ज्याचे बोट सर्वांत लहान आकड्यावर आहे त्याने एक घर पुढे सरकायचे. तिसरा ३ वरून ९ वर येतो, मग पहिला ४ वरून ९ वर. तिन्ही बोटे ९ वर आली की आकडा लिहायचा आणि तिघांनीही पुढे जायचे. पुन्हा तिन्ही ९ वर, पुन्हा लिहायचा. आता बोटे १५, १५, ४२ वर. पहिला २३ वर जातो, दुसरा ३० वर, पहिला ४२ वर, दुसरा ४२ वर, आणि तिन्ही बोटे ४२ वर भेटतात. वर्गात त्या क्षणी आवाज होतोच. मग मी विचारतो की ४ ला सोडून पुढे जाताना भीती का वाटली नाही, तो पुढे कुठे दुसऱ्या यादीत असला तर? आणि कोणीतरी मागच्या बाकावरून सांगते की याद्या चढत्या आहेत, दुसऱ्याचे बोट ९ वर आहे, आता त्याच्या पुढे ४ कसा येईल? हे वाक्य मुलाच्या तोंडून यावे यासाठी संपूर्ण तास खर्च झाला तरी मला तो खर्च परवडतो. त्या याद्यांत एकूण १६ आकडे आहेत, म्हणून बोटे १६ पेक्षा अधिक वेळा सरकूच शकत नाहीत. तीन लूपच्या पद्धतीत सहा गुणिले पाच गुणिले पाच अशा १५० गाठी पडतात. प्रत्येक यादीत हजार आकडे असतील तर एकीकडे फार तर तीन हजार पावले आणि दुसरीकडे शंभर कोटी.

ही रीत केवळ परीक्षेपुरती नाही. शोधयंत्रात आपण ‘कोयना धरण पाणीसाठा’ असे तीन शब्द टाकतो, तेव्हा प्रत्येक शब्द कोणकोणत्या पानांवर आहे याच्या क्रमाने लावलेल्या याद्या आधीच तयार असतात आणि यंत्राला त्या याद्यांतील सामाईक पाने काढायची असतात. तिथे सर्वांत छोटी यादी आधी घेतात, आणि लांबलचक याद्यांत एकेक घर सरकण्याऐवजी १, २, ४, ८ अशा वाढत्या उड्या मारत पुढे जाण्याची युक्तीही वापरता येते. बेंटली आणि याओ या संगणकशास्त्रज्ञांनी अशा उड्यांच्या शोधाचा अभ्यास १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. संगणक सर्वत्र पोहोचण्यापूर्वी, १९५० च्या दशकात, पाश्चात्त्य देशांतील संशोधन संस्थांमध्ये हेच काम भोके पाडलेल्या कार्डांनी होत असे. प्रत्येक विषयाचे एक कार्ड, आणि त्या विषयावरच्या कागदपत्राच्या क्रमांकाच्या जागी भोक. तीन विषयांची तीन कार्डे एकमेकांवर ठेवून उजेडाकडे धरली की जिथून प्रकाश आरपार येतो तो कागद तिन्ही विषयांत सामाईक. यंदा मी वर्गात पुठ्ठ्याच्या शंभर घरांच्या चौकटी करून हा प्रयोग केला. खिडकीशी कार्डे धरून उभ्या असलेल्या मुलांनी ‘आला, उजेड आला’ म्हटले, आणि त्या तासाला छेद संच कोणालाही पुन्हा समजावून सांगावा लागला नाही.

आता ज्या गोष्टीमुळे हा विषय मला वर्गाबाहेरचाही वाटतो, ती सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या परिसरातील एका सहकारी संस्थेने मतदानास पात्र सभासदांची यादी संगणकावर तयार करून घेतली. सभासद नोंदवही, पूर्ण भाग भरलेल्यांची यादी आणि आवश्यक सभांना हजर असलेल्यांची यादी, या तिन्हींत ज्यांचे नाव आहे तो पात्र. अगदी हाच प्रश्न. प्रसिद्ध झालेल्या यादीत कुऱ्हाडे आणि गोऱ्हे आडनावाचा एकही सभासद नव्हता. वयस्कर माणसे कार्यालयात येऊन तिन्ही छापील याद्यांवर बोट ठेवून आपले नाव दाखवत होती, आणि कर्मचारी सांगत होता की संगणकाने घेतले नाही. मला बोलावले तेव्हा कारण सापडले. ‘ऱ्ह’ हे जोडाक्षर एका यादीत ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने टंकले होते आणि दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर नावाचे डोळ्यांना न दिसणारे चिन्ह अशा क्रमाने. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावे आहेत. ‘ऱ’ हे अक्षर र खाली नुक्ता (टिंब) देऊनही लिहिता येते, आणि ती दोन रूपे एकच मानण्याचा प्रमाणित विधी युनिकोडमध्ये (संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक ठरवून देणाऱ्या प्रमाणात) आहे, परंतु त्या अदृश्य चिन्हाचा बंदोबस्त त्या विधीने होत नाही. तो आपणच करावा लागतो. ‘ॲ’ या अक्षराचेही तसेच. ते २००८ साली युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत स्वतंत्रपणे आले, त्याआधीच्या नोंदींत लोक अ वर चंद्र देऊन काम भागवत, आणि ही दोन रूपे प्रमाणित विधीनेही एक होत नाहीत. या पत्रात मी जो ‘ॲरे’ शब्द वापरत आहे तोसुद्धा दोन फायलींत दोन प्रकारे लिहिलेला असू शकतो.

त्याच यादीत काळे आडनावाचे काही सभासदही सुटले होते, आणि त्याचे कारण तीन बोटांच्या रीतीत होते. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो. युनिकोडच्या क्रमात तो ल च्या लगेच पुढे आणि व च्या आधी आहे. एक यादी लेखनिकाने मराठी क्रमाने लावली होती, म्हणून तीत काशीद आधी आणि काळे नंतर. दुसरी संगणकाने लावली होती, म्हणून तीत काळे आधी आणि काशीद नंतर. संगणकाचे एक बोट काळे वर, दुसरे काशीद वर. त्याच्या क्रमाने काळे लहान, म्हणून ते बोट पुढे सरकले आणि काशीदपाशी दोन्ही भेटली. मागे राहिलेले काळे पुन्हा कोणी पाहिले नाहीत. जी रीत मी वर एवढ्या प्रेमाने वर्णिली ती सर्व याद्या एकाच नियमाने लावलेल्या असतील तरच खरी आहे, आणि ‘याद्या क्रमाने लावलेल्या आहेत’ हे वाक्य ऐकल्यावर ‘कोणत्या क्रमाने?’ असे विचारणारा माणूस तिथे हवा होता. माझ्या त्या विद्यार्थिनीसारखा.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये उच्च प्राथमिक टप्प्यापासूनच मुलांना कोडिंगची ओळख करून देण्याचा उल्लेख आहे. ते व्हावेच. पण दहावीनंतरच्या पदविकेतील आमची तपासणीची रीत हीच राहिली, तर सहावीतील मुलांपर्यंतही ठरलेले उत्तर पाठ करण्याची सवयच पोहोचेल. अभ्यासक्रम आखणाऱ्या आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्या मान्यवरांना माझी नम्र विनंती आहे की, असा प्रश्न देताना पुनरावृत्तीचे काय करायचे आणि याद्या क्रमाने लावलेल्या आहेत की नाहीत हे प्रश्नातच लिहावे. आणि लिहायचे राहून गेले असेल, तर जो विद्यार्थी आपले गृहीतक स्पष्ट लिहून त्याला धरून प्रोग्रॅम करतो त्याला पूर्ण गुण देण्याची सूचना परीक्षकांना द्यावी. परीक्षकाने छापील उत्तराशी ताडून पाहण्याऐवजी स्वतःचे आकडे घालावेत: एक यादी पूर्ण रिकामी ठेवावी, एका यादीत एकच आकडा तीनदा लिहावा, आणि एकदा तिन्ही याद्यांत काहीही सामाईक नसलेले आकडे द्यावेत. प्रत्येक विद्यार्थ्यामागे याला दोन मिनिटे लागतात. साठ विद्यार्थ्यांमागे दोन तास होतात, हे मला माहीत आहे, म्हणून एका परीक्षकाकडे एका दिवशी साठ विद्यार्थी देऊ नयेत असेही सुचवतो. शिक्षक बंधुभगिनींना विनंती की, सरावाच्या याद्यांत केवळ आकडे न देता कुऱ्हाडे, काळे आणि ॲड. अशी आपली नावे व शब्द द्यावेत, म्हणजे ‘सारखे’ म्हणजे काय हा प्रश्न मुलांना वर्गातच पडेल.

आमच्या विभागातील जर्नलमधील तो प्रोग्रॅम मी आता काढून टाकला आहे, आणि विद्यार्थिनीच्या फेरतपासणीच्या अर्जाला तिचा प्रोग्रॅम, तिची टीप आणि २३ तीनदा घातल्यावर नमुना प्रोग्रॅमने दिलेल्या चुकीच्या उत्तराची छापील प्रत जोडली आहे. पुढील सत्रासाठी मी प्रश्न असा लिहून दिला आहे: ‘तीन ॲरे दिले आहेत, ते क्रमाने लावलेले असतीलच असे नाही. जो घटक तिन्हींमध्ये आहे तो, तिन्हींमध्ये किमान जितक्या वेळा आला आहे तितक्या वेळा छापा. कोणतीही शंका असल्यास परीक्षकांना विचारा.’

आपला विश्वासू,
पदविका वर्गांचा एक अध्यापक,
जि. सातारा